चार पावसाळे जास्त पाहिले म्हणजे शहाणपण येतं का?

"तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी." हे वाक्य कधी ऐकलं नाही असं मराठी घर सापडायचं नाही. लग्न ठरवताना, नोकरी सोडताना, ठाण्यात नौपाड्यातला जुना वन रूम किचन विकून घोडबंदरला जायचं की नाही यावर खल चालू असताना ते हमखास निघतं आणि बोलणं तिथेच खुंटतं. अनुभवाचं शहाणपण कधी होतं आणि कधी नुसतं वयच वाढतं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. त्यातून निघालेलं उत्तर वडीलधाऱ्यांना आणि तरुणांना, दोघांनाही थोडं अडचणीचं आहे.

आधी वडीलधाऱ्यांची बाजू. ॲरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी म्हणून ठेवलंय की तरुण मुलगा गणितात, भूमितीत पारंगत होऊ शकतो. व्यवहारातलं शहाणपण मात्र त्याच्याकडे सहसा दिसत नाही. गणिताचं काम नियमांवर भागतं. व्यवहारात प्रत्येक प्रसंग वेगळा, आणि प्रसंग ओळखायचे तर आधी पुष्कळ प्रसंग बघितलेले असावे लागतात. यात आजही खोट काढता येत नाही. सोळाव्या वर्षी गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये पदक आणणारी मुलं आपल्याकडे आहेत. सोळाव्या वर्षी भावकीतला जमिनीचा तंटा मिटवलेलं पोर कुणी पाहिलंय?

आता दुसरी बाजू. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षं आणि त्यांच्या उपचारांचा दर्जा यांचा संबंध तपासणारे ६२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत उलटंच चित्र दिसलं. प्रॅक्टिसची वर्षं वाढत गेली तशी कामगिरी तपासलेल्या प्रत्येक बाबतीत घसरत गेली होती. (यावरून आपल्या फॅमिली डॉक्टरकडे संशयाने बघायला लागू नका. जुन्या डॉक्टरांकडे नवीन माहिती उशिरा पोचते, हा त्यातला मोठा भाग.) बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर थेट शहाणपणच मोजायचा घाट घातला. त्यांना आढळलं की विशीतून बाहेर पडल्यावर सत्तरीपर्यंत शहाणपणाचा आलेख जवळपास सपाट राहतो. सरासरीत तो ना वाढतो, ना फारसा घटतो.

म्हणजे पावसाळे लागतात, पण नुसते पावसाळे पुरत नाहीत. मग आणखी लागतं ते काय?

चेंदणी कोळीवाड्यातली एखादी मासे विकणारी मावशी घ्या. सकाळी दहाची वेळ. समोर पापलेट मांडलेत, बाजूला मांदेलीचे वाटे, करंदीवर बर्फाचा चुरा. गिऱ्हाईक पापलेटचा कल्ला उचलून बघतंय, बोटाने दाबून बघतंय. "मावशी, ताजं आहे ना?" "काल तुझ्या सासूने नेलंय, तिला विचार की." पण ही मावशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर उभी असते तेव्हा तिने एक अवघड अंदाज बांधलेला असतो: आज किती माल उचलायचा? वार कुठला, संकष्टी आहे का, महिन्याची अखेर आहे का, गुरुवार पाळणारी गिऱ्हाइकं किती, श्रावण किती दिवसांवर आलाय, हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात फिरतं. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही.

हा अंदाज तिला कुठल्या शाळेत शिकवला? तर पाटीनेच शिकवला. दुपारी एक वाजता पाटीत माल उरला की अंदाज चुकला, अकरालाच संपला तरीही चुकला. शिळं दिलं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडायला येतं, नाहीतर शेजारच्या पाटीवर जाऊन उभं राहतं, जे जास्त झोंबतं. तिच्या प्रत्येक अंदाजाचं उत्तर त्याच दिवशी येतं, स्पष्ट येतं आणि तिच्या खिशाला लागतं. अशी वीस वर्षं गेली की तयार होणारी जाण खरी असते. ती बाई "आज नको एवढं उचलू" म्हणाली तर ऐकावं.

रॉबिन होगार्थ या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली याची छान मांडणी केली. आपण ज्या परिस्थितीत शिकतो तिचे त्याने दोन प्रकार पाडले. मराठीत त्यांना आपण सरळ आणि लबाड म्हणू. सरळ परिस्थितीत केलेल्याचं फळ लवकर आणि खरं कळतं: मासळीबाजार, स्वयंपाक, बुद्धिबळ, ठाणे स्टेशनबाहेरच्या गर्दीतून रिक्षा काढणं. लबाड परिस्थितीत उत्तर उशिरा येतं, अर्धवट येतं, येतच नाही, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे चुकीचं येतं आणि आपल्याला शाबासकी देऊन जातं.

हा शेवटचा प्रकार समजावताना होगार्थ न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरची गोष्ट सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. रुग्णालयात टायफॉइडचे रुग्ण खूप, आणि या डॉक्टरांची ख्याती अशी की रुग्णाची जीभ नुसती चाचपून ते सांगायचे, याला टायफॉइड होणार. आठ-पंधरा दिवसांत त्या रुग्णाला टायफॉइड व्हायचाच. सगळे थक्क. डॉक्टरांचा स्वतःवरचा विश्वास प्रत्येक खेपेला वाढत गेला. खरा प्रकार असा होता की ते एकाची जीभ चाचपून हात न धुता पुढच्याच्या तोंडात बोटं घालत होते. टायफॉइड तेच पसरवत होते. त्यांच्याकडे अनुभव होता, उत्तरं वेळेवर येत होती, आणि प्रत्येक उत्तर त्यांना आणखी मूर्ख बनवत होतं.

या गोष्टीला आपण हसतो, कारण जंतू आपल्याला माहीत आहेत. पण ऐरोली-घणसोलीच्या कुठल्याही आयटी पार्कात जा. तिथे पंधरा वर्षं मुलाखती घेणारा एखादा साहेब भेटेल. तो सांगेल, "माणूस दारातून आत आला की मला कळतं." कसं कळतं? ज्यांना त्याने नाकारलं ते पुढे कुठे गेले, त्यांनी काय केलं, हे त्याला कधीच समजत नाही. ज्यांना घेतलं त्यांना प्रशिक्षण मिळतं, चांगला प्रोजेक्ट मिळतो, साहेबाचा लोभही मिळतो. ते पुढे आले की साहेबाची नजर तयार आहे असं ठरतं. हे म्हणजे डोळे बांधून कॅरम खेळायचा, आणि सोंगटी पॉकेटमध्ये गेली की नाही हे सांगणारा माणूस आपणच पगारावर ठेवायचा.

शाळेतही हेच चालतं, आणि तिथे मला ते जास्त खुपतं. जूनमध्ये बाईंनी ठरवलं की हा मुलगा गणितात कच्चा. मग त्याला सोपे प्रश्न, कमी वेळ, वर्गात कमी वेळा उभं करणं. मार्चमध्ये तो गणितात कच्चाच निघतो. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

डॅनिएल कानेमान आणि गॅरी क्लाइन ही मानसशास्त्रज्ञांची जोडी याच प्रश्नावर एकमेकांसमोर उभी होती. क्लाइनने आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास केला होता, आणि अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर त्याचा भरवसा. कानेमानने उलट आयुष्यभर दाखवून दिलं की तज्ज्ञांचा आत्मविश्वास आणि त्यांचं बरोबर असणं यांचा फारसा संबंध नसतो. हे दोघं भांडत बसले नाहीत. त्यांनी काही वर्षं एकत्र काम करून २००९ साली एकच लेख लिहिला. त्यात ते ज्या अटींवर येऊन ठेपले त्या दोनच. एक, त्या क्षेत्रात मुळात काही नियमितपणा हवा. आग कशीही पेटत नाही, श्रावण दर वर्षी येतो. दोन, तो नियमितपणा शिकायची भरपूर संधी हवी, म्हणजे चूक झाली की चटकन कळायला हवी. या दोन्ही असतील तर "मला वाटतं" याला किंमत आहे. नसतील तर समोरचा कितीही ठामपणे बोलो, तो ठामपणा त्याच्या स्वभावाचा भाग आहे, एवढंच समजावं.

शेअर बाजाराचा अंदाज छातीठोकपणे सांगणाऱ्या काकांना ही कसोटी लावून बघा. तलावपाळीच्या कट्ट्यावर निम्मी गर्दी कमी होईल.

आता अभ्यासाकडे. शहाणपण आणि अभ्यास हे दोन वेगळे कप्पे आहेत असं आपण धरून चालतो, पण दोन्हीकडे आजार एकच आहे: उत्तर परत येत नाही, तरी आल्यासारखं वाटतं.

ठाण्याला वाचनाची परंपरा जुनी, मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. आज शहरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एमपीएससीची, नीटची, सीएची मुलं सकाळी सातला डबा घेऊन येतात आणि रात्री दहाला उठतात. कुठल्याही टेबलावर नजर टाका: पुस्तकावर पिवळा हायलायटर, त्यावर गुलाबी, वर निळ्या पेनाची रेघ. तिसरं वाचन चालू. ओळ ओळखीची वाटते, पुढचा शब्द काय येणार हेही कळतं, आणि मुलाला वाटतं, झालं पाठ. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांत किती अंतर आहे ते प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर कळतं, आणि तोवर वेळ गेलेली असते.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे अंतर मोजलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. एका आठवड्याने पुन्हा घेतली, तर वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले होते आणि लिहिणारे ६१ वर होते. यातली खरी मेख पुढे आहे. आठवड्यानंतर किती आठवेल असं विचारलं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. ज्यांचं जास्त विसरणार होतं तेच निर्धास्त होते.

कोरा कागद काय करतो? तो चेंदणीच्या पाटीचंच काम करतो. आठवलं नाही तर तिथल्या तिथे दाखवून देतो. त्रास होतो, लाज वाटते, आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. म्हणून तर मुलं तो टाळतात आणि हायलायटर उचलतात. याला आळस म्हणता येणार नाही. बारा-बारा तास बसणारं पोर आळशी कसं? त्याला सुखाची वाट कष्टाची वाटतेय, एवढंच.

दुसरी गोष्ट वेळेची. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती शिल्लक राहतं ते मोजायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा उद्योग. पहिल्या तासातच अर्ध्याहून जास्त निसटतं आणि नंतर गळती मंदावते, हे त्याचं निरीक्षण सगळे सांगतात. त्याची दुसरी नोंद कामाची असून मागे पडते. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो परिणाम मिळाला, तोच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यावर मिळाला. जवळपास निम्मे कष्ट. म्हणजे अभ्यासही असाच विभागायचा: आज वाचलं, उद्या कोऱ्या कागदावर, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पेपर निघतो हे खरं आहे, म्हणूनच ती सवय सुटत नाही. पुढच्या वर्षी त्यातलं काही उरलेलं नसतं, पण तेव्हा ते कुणी तपासत नाही.

अभ्यासात कागद पुढ्यात ओढता येतो. आयुष्याचं काय?

इथे खरी पंचाईत आहे. घर घेणं, जोडीदार निवडणं, मुलाला सायन्स की कॉमर्स, आईला आपल्याकडे आणायचं की गावीच राहू द्यायचं, सोसायटीच्या पुनर्विकासाला सही द्यायची की नाही. असे निर्णय माणूस एकदा, फार तर दोनदा घेतो. उत्तर यायला दहा वर्षं लागतात, आणि ज्या वाटेने आपण गेलो नाही तिचं उत्तर कधीच येत नाही. सगळे निर्णय लबाड परिस्थितीतले. त्यात मन आणखी एक चलाखी करतं. जे घडलं ते आपल्याला आधीपासून माहीत होतं, असं ते मागाहून पटवून देतं. बिल्डर पळाला की सोसायटीतला प्रत्येक जण "मला तेव्हाच वाटलं होतं" म्हणतो. सभेच्या इतिवृत्तात मात्र त्यातल्या एकाचीही हरकत सापडत नाही.

स्वतःच्या बाबतीत बुद्धी का चालत नाही, यावरही एक मजेदार अभ्यास आहे. इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ साली लोकांना जोडीदाराने फसवल्याची कल्पना करायला सांगितली. काहींना सांगितलं, हे तुमच्या बाबतीत घडलंय. काहींना, तुमच्या मित्राच्या बाबतीत. मित्राबद्दल विचार करताना लोक कितीतरी शहाणे निघाले: दुसरी बाजू पाहणारे, आपल्याला सगळं माहीत नाही हे मानणारे, तडजोड शोधणारे. स्वतःवर आलं की हे सगळं गळून पडलं. साठीच्या पुढची माणसंही याला अपवाद नव्हती. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण आपण ढोंगी माणसाला मारतो. या अभ्यासावरून दिसतं की ती माणसाच्या मनाची सर्वसाधारण घडण आहे. उपायही त्यातच मिळाला. स्वतःचा प्रश्न त्रयस्थाचा असल्यासारखा मांडला, म्हणजे "मी काय करू" याऐवजी "ती काय करेल, तिने काय करावं" असा विचार केला, की फरक पुसला गेला. घरात एकट्याने स्वतःचं नाव घेऊन बोलायला वेडगळ वाटतं खरं. पण चुलतभावाला अगदी हाच प्रश्न पडला असता तर आपण त्याला काय सांगितलं असतं, एवढं विचारायला काही वाटायचं कारण नाही.

बर्लिनचे संशोधक शहाणपण मोजायचे कसे, तेही इथे सांगायला हवं. ते लोकांपुढे एक प्रसंग ठेवायचे. उदाहरणार्थ, पंधरा वर्षांच्या एका मुलीला ताबडतोब लग्न करायचंय, तर काय काय विचारात घ्यावं? "छे, पंधराव्या वर्षी लग्न चुकीचंच" एवढं बोलून थांबणाऱ्याला कमी गुण. आपल्याकडे तर कायदाच अठराचा आहे आणि तो असायलाच हवा, तेव्हा उत्तर कुठलं यावर वाद नाही. गुण होते ते पुढच्या प्रश्नांना. तिला ही घाई का झालीय? घरात कुणी उरलंय का? ती आजारी आहे का? ती कुठल्या काळात, कुठल्या समाजात राहते? ती बोलू शकेल असं कुणी आहे का? म्हणजे परिस्थितीबद्दल आपल्याला काय माहीत नाही, याची मोजदाद. घाईने निकाल देणाऱ्यापेक्षा चार प्रश्न जास्त विचारणारा त्यांच्या लेखी वरचा ठरायचा. आपल्या घरगुती बैठकांत नेमका प्रश्न विचारणाराच उद्धट ठरतो, ही आपली अडचण.

यावरून चांगल्या आयुष्याबद्दल जे म्हणायचं ते थोडक्यात म्हणतो. हार्वर्डने १९३८ पासून काही शे माणसांचा आयुष्यभर पाठपुरावा केलाय. नात्यांमध्ये समाधानी असलेली माणसं पुढे जास्त निरोगी राहिली, हे त्यातलं ठळक निरीक्षण. त्याची कारणं ते वेगवेगळी देतात. माझं त्यात एक जोडकाम आहे, ते माझं म्हणूनच घ्या: ज्याच्याशी आपलं पटतं त्याच्याच तोंडून आपण "तुझं इथे चुकतंय" ऐकून घेतो. बाकीच्यांनी म्हटलं की आपल्याला राग येतो आणि पुढच्या वेळी ते म्हणत नाहीत. साहेबाला, घरातल्या कर्त्याला, सोसायटीच्या अध्यक्षाला उत्तरं परत येणं याच कारणाने बंद होतं. पद वाढतं तसं शिकणं थांबतं ते असं.

करायचं काय, तर एक स्वस्तातला उपाय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब आपण लिहितोच, तिथेच किंवा एखाद्या वहीत मोठा निर्णय घेतल्या दिवशी तीन गोष्टी लिहायच्या: काय ठरवलं, त्यातून नेमकं काय होईल असं वाटतं, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत दिसायला हवं. "क्लास लावला, फायदा होईल" हे चालणार नाही. त्याचा अर्थ मागाहून कसाही वळवता येतो. "जूनमध्ये क्लास लावला, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती न सांगता गणित सोडवायला बसेल" हे चालेल, कारण दिवाळीत ती बसलेली असेल किंवा नसेल. आणि कॅलेंडर डिसेंबरअखेर रद्दीत जातं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या तारखा असतील तर वहीच बरी.